रीलमधलं ‘स्वस्त बँकॉक’ आणि जळगाव-धुळ्याहून निघणाऱ्याचा खरा हिशेब

पाठीवर मोठी सॅक, पायात धुळीने माखलेल्या सँडल आणि तोंडात एकच प्रश्न, ‘अजंता बस?’ जळगाव स्टेशनबाहेर असे परदेशी पाहुणे दिसणं खानदेशाला नवं नाही. अजिंठ्याची लेणी इथून साधारण ६० किलोमीटरवर आहेत. टॅक्सीवाला मागेल ते देण्याऐवजी हे लोक एसटी पकडतात, फर्दापूरच्या फाट्यावर उतरतात, लेणी बघतात आणि संध्याकाळी पुढच्या गाडीत बसतात. कमी पैशात परका देश बघायचा त्यांचा हा हिशेब आपण वर्षानुवर्षं बघत आलोय.

आता जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेरची मुलंमुली बँकॉक, क्वालालंपूर, हनोईला निघालीयत. कुणाच्या हातात पहिल्या नोकरीतून साठवलेले पैसे आहेत, कुणी मित्रांसोबत भिशी लावलीय. निमित्त बहुतेक वेळा एखादं रील असतं, ‘पाच दिवस बँकॉक, फक्त इतक्या हजारांत’.

रील खोटंच असतं असं नाही. पण त्यात जळगाव ते मुंबईचा प्रवास नसतो, एटीएमचं शुल्क नसतं, बॅगेचे जादा पैसे नसतात आणि इमिग्रेशनच्या खिडकीवर विचारलेले प्रश्न तर मुळीच नसतात. त्यामुळे कमी पैशात परदेशातलं अनोळखी शहर फिरायचं असेल तर पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे अजिबात वाचवायचे नाहीत, हे आधी समजून घ्यायला हवं. उदाहरणासाठी बँकॉक घेऊया, कारण पहिल्या परदेशवारीसाठी खूप जण तेच शहर निवडतात.

कमी पैशात जग फिरायची कल्पना आली कुठून?

स्वस्तात राहण्यासाठी आज जे ‘हॉस्टेल’ बुक करतात, त्याची सुरुवात जर्मनीतल्या एका शाळामास्तराने केली. रिचर्ड शिरमान १९०९ मध्ये मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वादळात अडकल्यावर सगळ्यांनी रात्र एका शाळेत काढली. सुट्टीत रिकाम्या असलेल्या इमारतींत प्रवासी मुलांना झोपू दिलं तर काय हरकत आहे, असं त्यांना वाटलं. १९१२ मध्ये आल्टेना गावच्या किल्ल्यात पहिलं कायमचं युथ हॉस्टेल सुरू झालं. आपल्याकडच्या धर्मशाळेसारखीच ही सोय होती.

पुढे १९६० आणि ७० च्या दशकांत युरोपातले तरुण बस, ट्रेन, मिळेल त्या गाडीने तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून भारत आणि नेपाळला यायला लागले. याच वाटेने फिरलेल्या टोनी आणि मॉरीन व्हीलर या जोडप्याने १९७३ मध्ये स्वस्त प्रवासाची एक पुस्तिका काढली आणि त्यातून ‘लोनली प्लॅनेट’ उभी राहिली.

याच्या उलट दिशेला गेलेले भारतीयही आहेत. सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोघं १९६२ मध्ये अण्वस्त्रांच्या विरोधात दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टनकडे पायी निघाले. सोबत एक पैसाही घ्यायचा नाही, असा सल्ला त्यांना विनोबा भावेंनी दिला होता. हे तेच विनोबा, ज्यांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि अमळनेरला शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली. अलीकडचं उदाहरण परभणीच्या विष्णुदास चापके यांचं. या पत्रकाराने २०१६ ते २०१९ या काळात जगाची फेरी पूर्ण केली.

पण खिशात काहीच न घेता निघायचा काळ आता राहिलेला नाही. आज बहुतेक देश तुम्हाला आत घेण्याआधी पैसे, मुक्काम आणि परतीचं तिकीट दाखवा म्हणतात.

पहिली पायरी: पासपोर्ट

पूर्वी पासपोर्ट म्हटलं की नाशिक नाहीतर ठाण्याची चक्कर ठरलेली असायची. २०१७ पासून देशभरातल्या मोठ्या पोस्ट ऑफिसांत पासपोर्ट सेवा केंद्रं सुरू व्हायला लागली आणि खानदेशातल्या अर्जदारांची बरीच धावपळ वाचली. अर्ज ऑनलाइन भरायचा, जवळच्या केंद्राची तारीख घ्यायची आणि मूळ कागदपत्रं घेऊन जायचं. ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे, ६० पानी हवा असेल तर २,००० रुपये. तत्काळसाठी आणखी २,००० रुपये लागतात.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली म्हणजे आधार, दाखला आणि मार्कशीटवर नावाचं स्पेलिंग सारखं असू द्या. दुसरी, तुमच्याकडे जुना पासपोर्ट असेल तर त्याची मुदत बघा. बरेच देश तुम्ही पोहोचता त्या दिवसापासून किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी म्हणतात. पाच महिने उरले असतील तर तिकीट हातात असूनही चेक-इन काउंटरवरूनच परत फिरावं लागू शकतं.

पासपोर्टच नसेल आणि परदेशाची चव घ्यायची असेल तर नेपाळ आहे. तिथे भारतीयांना मतदार ओळखपत्रावर जाता येतं. मात्र विमानाने जाणाऱ्या तरुणांनी आधार कार्डाच्या भरवशावर राहू नये, ते १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या प्रवाशांसाठीच चालतं.

मुंबईहून जायचं की सुरतहून?

रीलमधला खर्च मुंबई विमानतळापासून सुरू होतो, तुमचा मात्र जळगाव किंवा धुळ्याच्या घरापासून. रेल्वेने जळगाव ते मुंबई सुमारे ४२० किलोमीटर पडतं. धुळेकर बसने थेट मुंबई गाठतात किंवा चाळीसगावला जाऊन मुख्य लाइनवरची गाडी पकडतात.

दुसरी वाट सुरतची. जळगावहून अमळनेर, नंदुरबार करत जाणारी ताप्ती लाइन उधन्यापर्यंत जेमतेम ३०६ किलोमीटरची आहे. धुळ्याहून नवापूरमार्गे रस्ता आहेच. सुरतहून बँकॉकला थेट विमान डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालं. पहिल्याच फेरीत गुजराती प्रवाशांनी विमानातली दारू संपवल्याचे व्हिडिओ व्हायरल झाले होते, तेच हे विमान. वेळापत्रकं हंगामानुसार बदलतात, त्यामुळे मुंबई आणि सुरत दोन्हीकडचे दर एकत्र बघा आणि त्यात घर ते विमानतळाचा जाण्यायेण्याचा खर्च मिळवा. तुलना त्या बेरजेची करा.

मुंबईहून जाणार असाल तर भुयारी मेट्रो ३ कामाची आहे. ऑक्टोबर २०२५ पासून ती आरे ते कफ परेड अशी पूर्ण सुरू झालीय. सीएसएमटी किंवा दादरला उतरून थेट टर्मिनल २ च्या स्टेशनवर पोहोचता येतं. पण मध्यरात्री मेट्रो बंद असते आणि परदेशी विमानं बऱ्याचदा त्याच वेळेची असतात, त्यामुळे संध्याकाळीच पोहोचलेलं बरं. रेल्वे दोन-तीन तास उशिरा धावणं काही अपूर्वाईचं नाही. विमानाच्या वेळेला टेकून रेल्वेचं तिकीट काढू नका, मध्ये निदान अर्धा दिवस ठेवा. चुकलेल्या रेल्वेचे काहीशे रुपये जातील, पण चुकलेल्या विमानाचं अख्खं तिकीट जातं.

आणखी एक छुपा खर्च म्हणजे बॅग. स्वस्त विमान कंपन्यांत साधारण ७ किलोचं हातसामान तिकिटात धरलेलं असतं, मोठ्या बॅगेचे पैसे वेगळे. ते ऑनलाइन आधी भरले तर कमी पडतात, काउंटरवर भरले तर बरेच जास्त.

‘व्हिसा फ्री’ म्हणजे नक्की काय?

थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय प्रवेश द्यायला सुरुवात केली. त्याआधी विमानतळावरच्या व्हिसासाठी २,००० बात भरावे लागायचे. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून अशीच सवलत दिली. व्हिएतनामला मात्र ई-व्हिसा लागतो. या सवलतींचे दिवस आणि अटी मध्येच बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या दूतावासाचं संकेतस्थळ बघायचं. दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओवर विसंबून राहायचं नाही.

व्हिसा लागत नाही म्हणजे कुणी काही विचारणार नाही, असंही नसतं. प्रवेश द्यायचा की नाही, हे खिडकीवरचा अधिकारी ठरवतो. परतीचं तिकीट, निदान सुरुवातीच्या मुक्कामाचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा तो मागू शकतो. उत्तर समाधानकारक वाटलं नाही तर तो तुम्हाला पुढच्या विमानाने परत पाठवू शकतो. ‘परतीचं तिकीट तिथे गेल्यावर स्वस्तात काढू’ हा बेत इथेच अंगाशी येतो. सगळ्या कागदांच्या छापील प्रती जवळ ठेवा, कारण विमानतळावर मोबाइलची बॅटरी आणि इंटरनेट दोन्ही दगा देऊ शकतात.

थायलंडसाठी १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्डही भरावं लागतं. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते सरकारी संकेतस्थळावर मोफत भरता येतं. त्याचे पैसे मागणारी साइट उघडली असेल तर तुम्ही चुकीच्या ठिकाणी आहात. मलेशियाचंही असंच मोफत कार्ड आहे.

पैसे कसे न्यायचे?

गेल्या काही वर्षांत एक बात साधारण अडीच ते तीन रुपयांच्या दरम्यान राहिलाय. पण खरा फरक दरापेक्षा शुल्कामुळे पडतो.

थायलंडमध्ये परदेशी कार्डाने एटीएममधून पैसे काढले की तिथली बँक प्रत्येक वेळी २२० बात किंवा त्याहून जास्त शुल्क घेते, म्हणजे सुमारे सहाशे रुपये. लागतील तसे थोडे थोडे असे चारदा काढले तर अडीच हजारांच्या आसपास नुसतं शुल्क जातं. एकदाच मोठी रक्कम काढली तर सहाशेच. याशिवाय आपली बँक परकीय व्यवहारावर टक्केवारी लावते, ती वेगळी.

म्हणून थोडी रोकड, एक फॉरेक्स किंवा कमी शुल्काचं कार्ड आणि एक पर्यायी कार्ड अशी विभागणी करा. सगळं एका पाकिटात ठेवू नका. परकीय चलन अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या आणि पावती जपून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत परकीय नोटा नेता येतात.

निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर सुरू करा. २०२० च्या नियमानंतर नवी कार्डं फक्त देशांतर्गत वापरासाठीच सुरू असतात. ही एक खूणगाठ विसरल्यामुळे परदेशातल्या एटीएमसमोर घाम फुटतो. आणि मशीनने ‘रुपयांत घ्यायचे की बातमध्ये?’ असं विचारलं तर बात निवडा. रुपये निवडले की दर ते लोक ठरवतात आणि तो महागच असतो.

यूपीआयचं काय? नेपाळ, भूतान, श्रीलंका, मॉरिशस, सिंगापूर, यूएई अशा देशांत ठरावीक ठिकाणी ते चालतं. पण फक्त त्यावर भरवसा ठेवून निघू नका.

विमानतळ ते मुक्काम: पहिल्या तासाची चूक

बँकॉकला दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. तिकिटावर नुसतं ‘बँकॉक’ वाचून हॉटेल घेतलं आणि पुढचं विमान दुसऱ्याच विमानतळावरून निघालं, अशी गडबड होते. सुवर्णभूमी हे नाव आपल्याला लगेच कळतं, आत समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्पही आहे. पण ओळखीचं काहीतरी दिसलं म्हणून बेसावध होऊ नका.

नवख्या माणसाला सगळ्यात जास्त फसवलं जातं ते विमानतळाबाहेरच्या पहिल्या तासात. झोप झालेली नसते, चलनाचा अंदाज नसतो आणि ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत कुणीतरी बॅगेला हात घालतो. त्यामुळे मुक्कामापर्यंत कसं जायचं हे घरूनच ठरवा. सुवर्णभूमीहून शहराकडे जाणारी एअरपोर्ट रेल लिंक पहाटे साडेपाचच्या सुमाराला सुरू होते आणि मध्यरात्रीपर्यंत चालते. फाया थाई या शेवटच्या स्टेशनपर्यंत ४५ बात, वेळ अर्ध्या तासाच्या आत. तिथे बीटीएस ही शहरातली उन्नत रेल्वे मिळते. टॅक्सी घ्यायचीच असेल तर अधिकृत रांगेतली घ्या. मीटर, विमानतळाचा ठरलेला अधिभार आणि टोल एवढंच द्यायचं असतं.

शहरात फिरायला सगळ्यात स्वस्त रस्ता पाण्यातून जातो. चाओ फ्राया नदीवर केशरी झेंड्याच्या बोटी लोकलसारख्या धावतात, भाडं १६ बात. निळ्या झेंड्याची बोट पर्यटकांसाठी असते आणि ती महाग पडते. शेजारीशेजारी धक्क्याला लागलेल्या दोन बोटींमध्ये फरक फक्त झेंड्याचा, पण खिशाला तो कळतो.

शहराचा ऑफलाइन नकाशा आणि हॉटेलचा थाई लिपीतला पत्ता फोनमध्ये ठेवा. रिक्षावाल्याला इंग्रजी पत्ता वाचता येईलच असं नाही.

राहायचं कुठे?

हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये खोली नाही, पलंग भाड्याने मिळतो. एका खोलीत चार ते बारा जण, बाथरूम सामाईक, सामानाला लॉकर. कुलूप बहुतेक वेळा स्वतःचं न्यावं लागतं. एकट्या जाणाऱ्या मुलींसाठी अनेक ठिकाणी फक्त महिलांची डॉर्म असते. घरी आईवडिलांना काळजी वाटत असेल तर हा मुद्दा आधीच सांगून टाका.

बुक करताना दरापेक्षा दोन गोष्टी आधी बघा. स्टेशन चालत किती लांब आहे, आणि अलीकडच्या दोन-तीन महिन्यांतल्या अभिप्रायांत स्वच्छता आणि सुरक्षिततेबद्दल लोक काय म्हणतात. शहराबाहेरची स्वस्त खोली रोजच्या टॅक्सीने महाग पडते.

तारखेचाही घोळ होतो. विमान रात्री साडेबाराला उतरत असेल तर बुकिंग आदल्या दिवसाचं लागतं. सकाळी सहाला पोहोचलात तर खोली दुपारीच मिळेल, पण सामान ठेवून घेतात.

हंगामही बघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा थायलंडचा गर्दीचा आणि महाग काळ. मे ते ऑक्टोबर पावसाचा, दर कमी. एप्रिलच्या मध्यात सोंगक्रान असतो. हा शब्द आपल्या ‘संक्रांती’चाच भाऊ. रस्त्यावर तीन दिवस पाणी उडवतात, मजा येते, पण बस-रेल्वे भरलेल्या असतात.

तीन मंदिरं, हजार बात

रीलमध्ये न दिसणारा मोठा खर्च प्रवेश तिकिटांचा. राजवाडा म्हणजे ग्रँड पॅलेस ५०० बात, पहुडलेल्या बुद्धाचं वाट फो ३०० बात आणि नदीपलीकडचं वाट अरुण २०० बात. तिन्ही एका दिवसात बघितली तर माणशी १,००० बात, म्हणजे अडीच ते तीन हजार रुपये.

यातल्या वाट फोसारख्या ठिकाणी थाई लोकांना पैसे पडत नाहीत. राग येण्याआधी अजिंठ्याची पाटी आठवा. तिथे भारतीयांना ४० रुपये आणि परदेशी पाहुण्यांना ६०० रुपये तिकीट आहे. आता त्या ६०० च्या रांगेत आपण उभे आहोत, इतकंच.

बजेट कमी असेल तर एक-दोन ठिकाणंच निवडा आणि बाकी वेळ फुकट मिळणारं शहर बघा. पाक ख्लोंगचा फुलबाजार, चायनाटाउनचा यावारात रस्ता, लुम्फिनी बाग, शनिवार-रविवारचा चतुचक बाजार. झेंडूचे ढीग आणि गजरे बघून दादरच्या फुलबाजारात आल्यासारखं वाटेल. गणपती तिथे ‘फ्रा फिकनेत’ म्हणून पुजला जातो आणि मोठ्या मॉलबाहेरही त्याचं देऊळ सापडतं.

राजवाड्याबाहेर एक जुनी फसवणूक चालते. नीटनेटका माणूस येऊन सांगतो, ‘आज बंद आहे, सण आहे, माझ्या ओळखीचा टुकटुकवाला स्वस्तात दुसरी मंदिरं दाखवेल.’ टुकटुक शेवटी रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात नेऊन थांबते. राजवाडा खरोखर बंद आहे की नाही हे तिकीट खिडकीवर जाऊनच बघा. गुडघे आणि खांदे झाकणारे कपडे घाला, नाहीतर दारातच नवे कपडे विकत घ्यावे लागतात.

शाकाहारी माणसाने खायचं काय?

खानदेशी माणूस प्रवासाला निघाला की बिबडे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बॅगेत जातेच. पहिल्या दोन दिवसांचा खर्च त्यातून वाचतो. पण लोणचं आणि तूप हातसामानात १०० मिलिलिटरच्या नियमात अडकतं, ते मोठ्या बॅगेत घट्ट बांधून ठेवा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घरीच ठेवा. तेलामुळे खोबरं पेट घेऊ शकतं म्हणून विमानात त्याला मनाई असते. यूएईला जात असाल तर मसाल्यात खसखस नको, तिथे ती बेकायदा आहे.

थाई जेवणात नाम प्ला नावाचा माशाचा रस जवळपास मिठासारखा वापरतात. ‘नो मीट’ सांगितलं तरी तो पडतोच. त्यासाठी ‘जे’ हा शब्द लक्षात ठेवा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात तो लिहिलेला असतो. ‘जे’ जेवणात मांस, मासे, अंडी, दूध तर नसतंच, पण कांदा-लसूणही नसतो. जळगावच्या जैन कुटुंबांना याहून सोपी खूण मिळणार नाही. व्हिएतनामला यासाठी शब्द आहे ‘चाय’. तिथे चाय मागितला तर शाकाहारी जेवणाकडे बोट दाखवतील. अनेक बौद्ध घरं चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला शाकाहार पाळतात, आपल्या एकादशीसारखं.

बँकॉकच्या फाहुरात भागात भारतीय वस्ती आहे आणि गुरुद्वारा श्री गुरू सिंग सभाही. तिथे सकाळी लंगर असतो. डोकं झाकून, पंगतीत बसून, शिस्तीने जेवा आणि जमलं तर सेवा करा. ते फुकटचं हॉटेल नाही, एवढं भान ठेवा.

‘तिकीट फुकट, फक्त एक बॅग आणायची’

कमी बजेटच्या प्रवाशाला सगळ्यात मोठा धोका चोराचा नसून फुकट देणाऱ्याचा आहे.

पहिला प्रकार बॅगेचा. तिकीट आणि हॉटेल कुणीतरी देतो, बदल्यात येताना एक पार्सल आणायचं. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांकडून मुंबई विमानतळावर कस्टम्सने हायड्रोपोनिक गांजा पकडल्याच्या बातम्या सतत येतात. थायलंडने २०२२ मध्ये गांजावरची बंदी उठवली होती, जून २०२५ मध्ये पुन्हा निर्बंध आणले. पण तिथे काहीही नियम असला तरी भारतात तो आणणं एनडीपीएस कायद्याखाली गुन्हा आहे आणि प्रमाण मोठं असेल तर १० ते २० वर्षांची शिक्षा होऊ शकते. ‘बॅगेत काय आहे ते माहीत नव्हतं’ हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडते. ओळखीच्या माणसाचीही बंद बॅग घेऊ नका.

दुसरा प्रकार नोकरीचा. ‘बँकॉकला डेटा एंट्री, पगार डॉलरमध्ये, टुरिस्ट म्हणून या.’ अशा तरुणांना थायलंडमधून म्यानमारच्या म्यावाडी भागात नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबलं गेलं. परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ मध्येच याबद्दल इशारा दिला होता. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी थायलंडच्या माए सोतहून ५४९ भारतीयांना दोन दिवसांत परत आणलं.

पर्यटक म्हणून जाऊन नोकरी करणं बेकायदा आहे. एजंट नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ची नोंद असते आणि थायलंड, मलेशियासह १८ देशांत नोकरीसाठी जाताना त्यांना सरकारी मंजुरी घ्यावी लागते. ‘आधी टुरिस्ट म्हणून जा, मग बघू’ म्हणणारा एजंट नेमकी हीच पायरी चुकवायला सांगत असतो.

अडचण आलीच तर?

थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५ आहे, ते इंग्रजीत बोलतात. पासपोर्ट हरवला तर आधी स्थानिक पोलिसांत तक्रार करायची आणि तिची प्रत घेऊन भारतीय दूतावासात जायचं. बँकॉकमधला दूतावास सुखुमवित भागात सोई २३ मध्ये आहे. भारतात परतण्यापुरतं आणीबाणीचं प्रमाणपत्र तिथे मिळतं. पासपोर्टची झेरॉक्स आणि दोन फोटो वेगळ्या बॅगेत ठेवले असतील तर हे काम बरंच सोपं होतं.

भाड्याच्या स्कूटरवरून पडणं ही पर्यटकांची नेहमीची गोष्ट आहे. आपलं चारचाकीचं लायसन्स दाखवून गाडी मिळेलही, पण योग्य परवाना नसेल तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. परदेशी हॉस्पिटलचं एका रात्रीचं बिल अख्ख्या सहलीपेक्षा मोठं होऊ शकतं.

मग वाचवायचं कुठे?

इथे वाचवा:
- हंगाम निवडून विमानाच्या तिकिटात
- डॉर्ममध्ये राहून मुक्कामात
- रेल्वे, बस आणि केशरी झेंड्याच्या बोटीने फिरून
- बाजारातल्या साध्या जेवणात
- एकदाच पैसे काढून शुल्कात
- सात किलोत मावेल एवढंच सामान घेऊन

इथे वाचवू नका:
- परतीच्या तिकिटात
- प्रवास विम्यात
- पहिल्या रात्रीच्या पक्क्या बुकिंगमध्ये
- रेल्वे आणि विमान यांच्यामधल्या वेळेत
- अडचणीसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेत

पहिल्या यादीत चूक झाली तर काहीशे रुपये जातील. दुसऱ्या यादीत झाली तर वर्षभराची बचत जाऊ शकते, कधी त्याहूनही जास्त.

आणि पुढच्या वेळी जळगाव स्टेशनबाहेर कुणी परदेशी पाहुणा ‘अजंता बस?’ विचारत उभा दिसला तर त्याला बसस्टँडचा रस्ता नीट सांगा. सोमवारी लेणी बंद असतात, हेही सांगा. फाया थाईच्या स्टेशनवर आपल्यालाही असंच खरं सांगणारा कुणीतरी लागणार आहे.